फ्रान्स व्हाया पसरणी

गेल्या उन्हाळ्यात आमच्या ग्रुपच्या डोक्यात फ्रान्सचं खूळ शिरलं होतं. सायकलवर फ्रान्स! खेड्याखेड्यांतून रमतगमत जायचं, झाडाखाली बसून ब्रेड-चीज हाणायचं आणि अंधार पडेल त्या गावात मुक्काम. मग आमच्यातल्या सीएनं विमानाचं तिकीट, व्हिसा आणि युरोचा भाव यांची बेरीज करून दाखवली, आणि पाच मिनिटांत फ्रान्सचं महाबळेश्वर झालं.

रजांचा घोळ होताच. सीएचा बॉस फुरंगटला, डॉक्टरीणबाईंनी तीन ड्यूट्या बदलून घेतल्या. मी फ्रीलान्सर, त्यामुळे रजा मागायची कुणाकडे हाच प्रश्न! फक्त आमचा आयटीवाला पहिल्या फटक्यात म्हणाला, ‘माझं काही नाही रे, कधीही चालेल.’ काय नशीब आहे लेकाचं, असं वाटलं तेव्हा.

पुणे ते महाबळेश्वर सुमारे १२० किलोमीटर. आपण सगळे हा रस्ता गाडीत एसी लावून, पेंगत गेलेलो असतो. सायकलवर मात्र तो इंच इंच भेटतो. पहाटे पाचला कात्रज सोडलं. शिरवळला मिसळ. खंबाटकीच्या घाटात ट्रकचा धूर आणि डोक्यावर मे महिन्याचं ऊन. सुरूर फाट्यावरून आत वळलो आणि एकदम वडाच्या सावल्या लागल्या. त्या सावलीची किंमत गाडीत बसून नाही कळायची, राव!

पहिला मुक्काम वाईत. संध्याकाळी ढोल्या गणपतीसमोरच्या घाटावर पाय सोडून बसलो. १७६२ सालचं हे देऊळ. गणपतीचा तो ऐसपैस आकार बघून सीए म्हणाला, ‘याला नाही सांगत कुणी वजन कमी कर म्हणून.’ आयटीवाला एरवी अशा जोकवर सगळ्यात आधी हसतो. त्या दिवशी नुसता नदीकडे बघत होता.

दुसऱ्या दिवशी पसरणी. शाहीर साबळे यांचा जन्म १९२३ साली याच पसरणी गावातला. गाव मागे पडलं की घाट सुरू. वाईपेक्षा पाचगणी सुमारे सहाशे मीटर उंच, आणि ते सगळे मीटर बारा-तेरा किलोमीटरांत वसूल करायचे. टूर द फ्रान्समधला आल्प द्युएझचा प्रसिद्ध चढ जवळपास १४ किलोमीटरचा आणि २१ वळणांचा. त्याच्यापुढे आपला घाट सौम्यच, पण माझ्या मांड्यांना हे कुणी सांगितलं नव्हतं.

तरी मी सुटले. एक वळण, अजून एक वळण.. खाली धोम धरणाचं पाणी चमकत होतं आणि मी चक्क पहिली होते! वरच्या एका वळणावर थांबले. डॉक्टरीण आली, सीए आला. आयटीवाला नाही. दहा मिनिटं, वीस मिनिटं. फोन लागेना.

सायकल चालवणाऱ्याला सगळ्यात जिवावर काय येत असेल तर चढलेला घाट परत उतरणं. मी उतरले. दोन किलोमीटर खाली तो कठड्यावर बसला होता, पायात गोळे आलेले, चेहरा पांढराफटक. शेजारी करवंदं विकणारी एक आजी त्याला पाणी पाजत होती. मला बघून म्हणाली, ‘तुमच्यासंगटचा हाय न्हवं ह्यो? मग म्होरं का पळालासा? बसू द्या वाईच त्याला.’

बसलो. पानाच्या द्रोणातली करवंदं खाल्ली. ओठ जांभळे झाले आणि मग तो बोलला. दोन महिन्यांपूर्वी त्याची नोकरी गेली होती. घरी माहीत नव्हतं. रोज सकाळी बॅग घेऊन निघायचा आणि लायब्ररीत जाऊन बसायचा. ‘कधीही चालेल’चा अर्थ आम्हाला आत्ता कळला.. म्हणजे मला. बाकी दोघं अजून वरच होते.

चौघंही एकाच गाडीत असतो, तर हसतखेळत महाबळेश्वरला पोचलो असतो, वेण्णा लेकवर फोटो काढले असते आणि परत आलो असतो. गाडीत कुणी मागे पडत नाही. त्यामुळे कोण दमलंय तेही कळत नाही.

पुढचा घाट त्यानं पुढे राहून चढला, आम्ही मागून. सायकलवाल्यांचा हा जुना नियम आम्ही विसरलो होतो : सगळ्यात हळू असेल त्याचा स्पीड, तोच ग्रुपचा स्पीड. पाचगणीला दुपार झाली. महाबळेश्वरला पोचेस्तोवर सूर्य डोंगराआड गेला होता. सनसेट पॉइंट हुकला. कुणी कुरकुरलं नाही. त्याच रात्री त्यानं घरी फोन केला. आम्ही मुद्दाम बाहेर कणसं खात उभे राहिलो.

तुम्हाला जायचंय? मेमध्ये ताज्या स्ट्रॉबेरीची आशा ठेवू नका, तिचा मोसम तोवर सरलेला असतो. करवंदं मात्र भरपूर. पहाटे निघा, अकरानंतर सावली धरा, पाण्यात मीठ-साखर टाका, उतारावर ब्रेक सतत दाबून धरू नका. आणि दर दोन वळणांनी मागे वळून बघा.

फ्रान्स? जाऊ की. आयटीवाल्याला नवी नोकरी लागली आहे. या वेळी रजेसाठी सगळ्यात जास्त रडतोय तोच!