फिफ्टी नको, चोवीस घ्या

डीएसएलआरवर घरगुती व्हिडिओ काढायचेत, खिसा बेताचा आहे, कुठली लेन्स घेऊ? असं कुणालाही विचारा. समोरचा डोळे झाकून सांगतो, "फिफ्टी घे." म्हणजे ५०एमएम, एफ १.८. स्वस्त, हलकी, कमी उजेडात चालणारी आणि मागचं सगळं लोण्यासारखं धूसर करणारी. फोटोसाठी ही लेन्स झकास आहे, वादच नाही. पण घरच्या व्हिडिओसाठी ती चुकीची आहे असं माझं ठाम मत आहे, आणि आज त्यावरच लिहायचंय.

निमित्त माझ्या चुलत भावाचं. त्याच्याकडे २००डी आहे, सेकंडहँड घेतलेला. मंगळवार पेठेतलं आमचं जुनं घर दिवाळीनंतर पाडायचं ठरलंय, तिथे अपार्टमेंट होणार. त्याआधी आज्जीला बोलतं करून, घरात फिरवून शूट करायचं असा त्याचा बेत. "दादा, फिफ्टी मागवतोय, एकदम सिनेमॅटिक येईल," असा फोन आला. मी म्हटलं, थांब जरा.

आधी साधं गणित बघा. कॅननच्या स्वस्त डीएसएलआरचा सेन्सर साधारण २२.३ मिलिमीटर रुंद असतो. आज्जी तीन मीटरवर बसली आहे असं धरा. ५०एमएममधून तुम्हाला फ्रेममध्ये मिळते १.३४ मीटर रुंदी आणि पाऊण मीटर उंची. म्हणजे आज्जी कमरेच्या वर, आणि बाजूला अर्धी उशी. संपलं. आणि तीन मीटर मागे सरकायला जागा कुठाय? पेठेतल्या घरातली स्वयंपाकाची खोली मुळात दहा बाय दहाची. तुम्ही भिंतीला पाठ टेकवून उभे, तरी आज्जीचे हात आणि चूल एका फ्रेममध्ये बसत नाहीत. हेच २४एमएमने करा. तीन मीटरवरून पावणेतीन मीटर रुंदी मिळते. आज्जी, तिची मांडणी, दारातून डोकावणारं मांजर, सगळं आत.

दुसरा मुद्दा फोकसचा. दोन मीटरवर ५०एमएम पूर्ण उघडी, म्हणजे एफ १.८ वर ठेवली तर स्पष्ट दिसणारा पट्टा जेमतेम ११ सेंटीमीटर जाडीचा असतो. फोटोत माणूस क्षणभर स्थिर बसतो. व्हिडिओत आज्जी बोलता बोलता पुढे वाकते, हातवारे करते, पदर सावरते.. प्रत्येक वेळी नाक फोकसमध्ये आणि डोळे बाहेर. २४एमएमला एफ २.८ वर हाच पट्टा पाऊण मीटरच्या आसपास जातो. ऑटोफोकसने थोडी डुलकी काढली तरी चालतं.

पण गणित बाजूला ठेवा. मला खरा आक्षेप आहे तो त्या 'लोण्यासारख्या' बॅकग्राउंडवर. घरगुती व्हिडिओत मागची भिंत हाच निम्मा ऐवज असतो. आज्जीचा चेहरा आपल्याकडे शेकडो फोटोंत आहे. तिच्या मागचं कालनिर्णय, खुंटीवरची पिशवी, कोनाड्यातला देव्हारा, काळवंडलेलं छत याचा एकही फोटो कुणाकडे नसतो, कारण त्याचा फोटो काढावा असं कुणाला वाटतच नाही. आणि डिसेंबरमध्ये नेमकं तेच जाणार आहे.

ताजं उदाहरण कोल्हापूरकरांना सांगायला नको. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. शाहू महाराजांनी १९१५ साली उभारलेलं, पॅलेस थिएटर म्हणून सुरू झालेलं. आगीनंतर घरातल्या हार्ड डिस्क उपसून मी तिथले जुने व्हिडिओ शोधले. पुतणीच्या गॅदरिंगचे दोन सापडले. एक कुणा हौशी पालकाने मोठ्या लेन्सने काढलेला: पोरीचा चेहरा लखलखीत, मागे नुसते पिवळे गोळे. लग्नाच्या हॉलमधलं आहे म्हणून सांगितलं तरी खपेल. दुसरा काकांच्या जुन्या हँडीकॅमवरचा. क्वालिटी यथातथाच, पण त्यात अख्खा रंगमंच आहे, पडदा आहे, पुढच्या रांगांतली डोकी आहेत. आता आमच्या घरात कुठला पुन्हा पुन्हा लावला जातो ते ओळखा :)

आणि गंमत बघा, हे शहरच मुळात बॅकग्राउंडवाल्यांचं. कोल्हापुरात सिनेमा आणला तो आनंदराव आणि बाबूराव पेंटर या जोडीने, आणि दोघांचा मूळ धंदा काय, तर नाटक कंपन्यांचे पडदे रंगवणं! त्यांनी स्वतःचा कॅमेरा बनवायचं मनावर घेतलं. आनंदराव १९१६ साली गेले, पण बाबूरावांनी तो कॅमेरा पुरा केला आणि १९२० चा 'सैरंध्री' पडद्यावर आणला. महाराष्ट्र फिल्म कंपनीचे बहुतेक मूकपट पुढे नष्ट झाले. जे गेलं त्यात तेव्हाच्या कोल्हापूरच्या उन्हाचा किती भाग होता कुणास ठाऊक. असो.

तर मग घ्यायचं काय? कॅननवाल्यांनी आधी कॅमेऱ्याबरोबर आलेली १८-५५ नीट बघावी. तिच्यावर 'एसटीएम' लिहिलेलं असेल तर मोटर शांत आहे, आणि नावात 'आयएस' असेल तर हाताची थरथरही सावरते. दिवसाउजेडी खिडकीजवळ शूट करणार असाल तर काहीच विकत घेऊ नका. मात्र जुनी 'आयएस टू' असेल तर फोकस करताना तिची घरघर माइकमध्ये येते. उजेड कमी पडतोय असं वाटलं तरच ईएफ-एस २४एमएम एफ २.८ एसटीएम. २०१४ ची लेन्स, बिस्किटाएवढी चपटी, १६ सेंटीमीटरवरही फोकस होते, म्हणजे आज्जीच्या हातावरचं गोंदणसुद्धा भरून घेता येतं. हिच्यात आयएस नाही, त्यामुळे ट्रायपॉड लावा, नाहीतर कॅमेरा टेबलावर पुस्तकांच्या चळतीवर ठेवा.

बॉडी कुठली आहे तेही महत्त्वाचं. ७०डी, ८०डी, २००डी यांत ड्युअल पिक्सेल ऑटोफोकस आहे, व्हिडिओत चेहऱ्यामागे छान फिरतो. १३००डीमध्ये चालू व्हिडिओत सतत फोकस होत नाही, तिथे रुंद लेन्स आणखीच गरजेची. आणि २००डी टू असेल तर फोर-केच्या मोहात पडू नका. त्यात चित्र आणखी कापलं जातं, २४ची जवळपास चाळीस होऊन बसते आणि ड्युअल पिक्सेलही बंद पडतो. फुल एचडी पुरे. निकॉनच्या स्वस्त बॉडीजमध्ये व्हिडिओचा ऑटोफोकस तसाही रडतखडत चालतो, त्यामुळे एएफ-पी १८-५५ व्हीआरवर भागवा, फक्त ती तुमच्या बॉडीवर चालते का हे आधी तपासा. डी९० सारख्या जुन्या मॉडेलवर चालत नाही.

फिफ्टीला जागा आहे, नाही असं नाही. खासबागेत कुस्ती बघताना लांबून मल्लांवर रोखायला तीच काय, त्याहून लांब लेन्स लागेल. आणि हो, जोतिबाच्या चैत्र यात्रेत गुलालात उभं राहून लेन्स बदलायचा नाद करू नका राव, सेन्सर कायमचा गुलाबी होईल.

कंपन्या आता मिररलेसच्या मागे लागल्यात, त्यामुळे डीएसएलआरच्या लेन्स सेकंडहँड बाजारात भरपूर मिळतात. आपल्याकडचा पावसाळा म्हणजे बुरशीला मेजवानी. घेताना मोबाईलचा टॉर्च लेन्सच्या मागून मारा, पुढून तिरकं बघा, आत कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसलं तर कितीही स्वस्त असली तरी परत द्या. घरी आणल्यावर हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा.

शटर १/५० ठेवा, म्हणजे २५ फ्रेम्सशी जुळतो आणि आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर ट्यूबलाइटचे पट्टे येत नाहीत. उरलेल्या पैशात कॉलरला लावायचा माइक घ्या. भावाला तोही घ्यायला लावलाय. आज्जी माइक पदराला लावू देईना, म्हणून सध्या तो देव्हाऱ्याच्या कोनाड्यात, उदबत्तीच्या घराशेजारी ठेवून ट्रायल चाललीये.