अलार्मचा तक्ता गाडीवरच चिकटवा



उन्हाळ्यात माझ्या दुकानात येणाऱ्या बऱ्याच ई-रिक्षा ‘कंट्रोलर गेला’ असा निकाल घेऊनच येतात. गेल्या मे महिन्यात गांधीबागेकडून एक चालक गाडी ढकलत आला. “भाऊ, चार सवाऱ्या बसल्या की गाडी बोंबलते अन् बंद पडते,” म्हणाला. जिथून गाडी घेतली तिथे त्याला नवा कंट्रोलर टाकायला सांगितले होते. त्या बोंबलण्याचा, म्हणजे अलार्मच्या बीपचा, अर्थ कोणी सांगितला नव्हता, आणि गाडीच्या पुस्तिकेतही तो नव्हता.

मीटर लावला. उभ्या गाडीत चार बॅटऱ्यांचे मिळून ५१ व्होल्ट. माणसे बसवून पुलाच्या चढावर नेली, तेव्हा कंट्रोलरच्या तारांवर ४१. अठ्ठेचाळीस व्होल्टचे बरेच कंट्रोलर ४२ च्या आसपास मोटर बंद करतात, म्हणजे अलार्म खरा होता. पण त्याच चढावर एकेक बॅटरी मोजली तर प्रत्येकीत पावणेबारा, एकूण ४७. मधले सहा व्होल्ट गेले कुठे? तिसऱ्या बॅटरीवरच्या तारेच्या लगला बोट लावले आणि चटका बसला. नट ढिला, टर्मिनलवर पांढरट-हिरवा थर. घासून, आवळून, ग्रीस लावून गाडी परत केली. कंट्रोलर तोच.

अलार्म वाजवणारा भागच बिघडला असे धरून चालणे, ही आमच्या धंद्यातली सर्वांत महाग चूक आहे आणि तिचा भुर्दंड चालकाला बसतो. मोटर कशी फिरते हे कंट्रोलरला कळवणाऱ्या हॉल सेन्सरचा अलार्म आला, तर आधी मोटरकडून येणाऱ्या पाच बारीक तारा पाहाव्यात. लाल-काळीत ५ व्होल्ट येत असतील आणि मागचे चाक उचलून हळूहळू फिरवल्यावर उरलेल्या तीनपैकी एका तारेचा सिग्नल बदलतच नसेल, तर दोष सेन्सरचा किंवा तारेचा. कंट्रोलर खरोखर जळाल्याची खूण वेगळी असते. ढकलताना गाडी अडकत-अडकत जाते आणि फेजच्या तीन जाड तारा सोडताच सहज सरकते. तेव्हा मोटरला वीज देणारा आतला स्विच, म्हणजे मॉसफेट, शॉर्ट आहे, हे बहुतेक नक्की.

पण हे सगळे तपासायला सुरुवात कुठून करायची, ते अलार्मने सांगायला हवे. कंट्रोलर बनवणारी केली कंपनी आपल्या पुस्तिकेत तक्ता छापते: एक आणि मग तीन वेळा दिवा लुकलुकला की व्होल्टेज कमी, चार आणि मग दोन वेळा म्हणजे हॉल सेन्सर. पेट्रोलच्या मोटारीत पी०३०० हा कोड कुठल्याही कंपनीच्या गाडीत मिसफायरचाच असतो. माझ्याकडे येणाऱ्या ई-रिक्षांत मात्र एकीच्या तीन बीप म्हणजे थ्रॉटल, तर दुसरीच्या तीन बीप म्हणजे तापमान.

तक्ता उघड केला तर अर्धवट माहितीचे लोक गाडीत हात घालतील, असा आक्षेप घेतला जातो. भीती खोटी नाही. बॅटरी सोडल्यावरही कंट्रोलरच्या कपॅसिटरमध्ये वीज राहते, ती रेझिस्टर लावून उतरवावी लागते. पण लोक आजही हात घालतातच, फक्त आंधळेपणाने. तापमानाचा अलार्म त्रास देतो म्हणून सेन्सरला बगल देऊन सोडलेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत. नागपूरच्या ४५ अंशांत, सीटखालच्या बंद डब्यात! प्रवाशांना घेऊन फिरणाऱ्या गाडीत असे करणे मला भयंकर वाटते. हा अलार्म कशामुळे येतो आणि तेव्हा काय करायचे हे तक्त्यात असते, तर असे करणाऱ्या मेकॅनिकने डब्याला हवा दिली असती, हीटसिंकवरची धूळ काढली असती.

केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्यात वाहनांचाही समावेश केला. तेव्हा मागणी अवघड नाही. पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्था वाहनाच्या मॉडेलची तपासणी करतात; त्याच वेळी अलार्मचा पूर्ण तक्ता मागितला जावा, आणि तो हिंदी-मराठीत छापून सीटखाली, कंट्रोलरच्या डब्यावरच चिकटवणे कंपनीला सक्तीचे असावे. शाई अशी हवी, की बॅटरीचे पाणी सांडले तरी अक्षर पुसणार नाही.

– ई-रिक्षा दुरुस्त करणारा एक वाचक, नागपूर