जुना पॉट, नवी हौस

माझी भाची लग्नातल्या हारांच्या वाळवलेल्या पाकळ्या रेझिनमध्ये बसवून पेंडंट आणि कीचेन बनवते. हौस म्हणून सुरू केले, आता चार पैसे मिळू लागले आहेत. पण मध्यंतरी एका नव्या नवरीचे काम बिघडले. रेझिन घट्ट झाल्यावर पाहते तो पाकळीला चिकटून पाच-सहा बुडबुडे! "मावशी, हिच्या लग्नाचा हार मी दुसरा कुठून आणू?" म्हणताना तिचे डोळे भरून आले.

पुढच्याच रविवारी ती आईचा जुना कुकर घेऊन बसलेली दिसली. "याला हवा भरायचा व्हॉल्व्ह बसवला की झालं. कुकरही प्रेशरचाच ना?"

मी आधी तो कुकर तिच्या हातातून काढून घेतला.

कुकर का नको?

तिची कल्पना अर्धी बरोबर होती. रॉबर्ट बॉइल यांनी 1662 मध्ये मांडलेला नियम आपण शाळेत शिकलो आहोत: दाब वाढला की हवेचे आकारमान घटते. ओतलेला साचा बंद पॉटमध्ये ठेवून दर चौरस इंचाला 40 पौंड दाब दिला, तर बुडबुडा साधारण पाव आकाराचा होतो. तसाच दाबलेला असताना रेझिन घट्ट झाले, की तो डोळ्यांना सहसा दिसतही नाही.

पण आपला कुकर साधारण 15 पौंडांसाठी बनवलेला असतो. त्यापुढे शिटी उचलली जाते. ती दाबून धरली, तर संकटाला आमंत्रणच. शिवाय कुकरचा सेफ्टी प्लग उष्णतेने वितळतो. थंड हवा भरलेल्या कुकरमध्ये तो वितळणारच नाही. म्हणजे घरचा पहारेकरी नेमक्या वेळी झोपलेला!

जुना पॉट घेताना

या कामासाठी मोटारी रंगवणारे वापरतात तो प्रेशर पॉट चालतो. एक गॅरेजवाला आपला पॉट अर्ध्या किमतीत द्यायला तयार होता. भाची पैसे काढणार, तेवढ्यात मी हिशोब मांडला. झाकण दहा इंच व्यासाचे असेल, तर 40 पौंडांवर त्याला आतून साधारण 1400 किलोंचा रेटा बसतो. एक लहान मोटारगाडीच झाकणावर उभी आहे असे समजा. म्हणून किमतीआधी पॉट पाहावा.

कमाल दाब सांगणारी पाटी पॉटवर असलीच पाहिजे. पाटी नसेल, तर फुकट मिळाला तरी नको. आत टॉर्च मारून पाहावे. वाळलेला रंग खरवडता येतो, पण गंजाचे खड्डे, पोचा, तडा किंवा नंतर केलेले वेल्डिंग दिसले, तर सरळ नमस्कार करून निघावे. झाकणाच्या बोल्टचे आटे झिजलेले नसावेत.

बसवताना

रबरी रिंग, दाबाचा गेज आणि सेफ्टी व्हॉल्व्ह नवेच घ्यावेत. वाचवलेल्या पैशातले थोडे इथे खर्च झाले तरी चालतील. सेफ्टी व्हॉल्व्ह पाटीवरच्या दाबाआधी उघडणारा हवा. रंग वर नेणारी आतली नळी काढून तिच्या जागी टेफ्लॉन टेप गुंडाळून धातूचा प्लग बसवावा. पॉटला नवे भोक पाडू नये. कॉम्प्रेसर आणि पॉट यांच्यामध्ये रेग्युलेटर असावा.

यानंतरची पायरी कधीही गाळू नका. हवा भरण्याआधी पाण्याची चाचणी घ्या. पॉट काठोकाठ पाण्याने भरून, सेफ्टी व्हॉल्व्हच्या जागी तात्पुरता प्लग लावून, पाटीवरच्या दाबाच्या दीडपट दाब हातपंपाने द्यायचा. पाणी हवेसारखे दाबले जात नाही. त्यामुळे पॉट फुटलाच, तरी हवेसारखा स्फोट होत नाही. हे काम जाणकार वर्कशॉपमधूनच करून घ्यावे. आमच्या पॉटला या चाचणीत एका सांध्यातून पाणी झिरपले. तो सांधा बदलला, पुन्हा चाचणी घेतली, मगच पॉट घरी आला. आल्याबरोबर सेफ्टी व्हॉल्व्ह परत बसवला.

वापरताना

झाकणाचे नट एकाच बाजूने न पिळता समोरासमोरचे थोडे थोडे आवळावेत. दाब हळूहळू वाढवावा आणि सांध्यांना साबणाचे पाणी लावून गळती पाहावी. सावकाश घट्ट होणाऱ्या इपॉक्सीला रात्रभर किंवा पूर्ण दिवसही दाबाखाली ठेवावे लागते. साच्याच्या रबरातच बुडबुडे असतील, तर दाबाखाली ते दबतात आणि वस्तूवर टेंगळे येतात. म्हणून साचाही दाबाखालीच केलेला बरा. पाकळ्या पूर्ण वाळलेल्या हव्यात. हातमोजे घाला, खिडक्या उघड्या ठेवा, पॉट मुलांपासून दूर ठेवा. आणि गेजचा काटा शून्यावर येऊन सगळी हवा निघून गेल्याशिवाय नटाला हात लावू नका.

त्या नवरीकडे हारातल्या थोड्या पाकळ्या उरल्या होत्या. भाचीने त्या मागून घेतल्या आणि नवे पेंडंट केले. या वेळी काचेसारखे स्वच्छ निघाले. कुकर स्वयंपाकघरात परत गेला आहे. त्याने वरणभातच शिजवावा, हे उत्तम!