थांबणाऱ्याची बाजू
(द्वितीय वर्ष कला)

गेल्या वर्षी आमच्या इंग्रजी विभागाने 'आउट ऑफ आफ्रिका' हा १९८५ सालचा चित्रपट दाखविला. पुस्तकाचा चित्रपट कसा होतो हे आम्हांला कळावे, एवढाच सरांचा हेतू. संवाद मला निम्मेच समजले. परंतु ते लहानसे विमान आफ्रिकेच्या रानावरून उडते, तेव्हाचे संगीत समजायला इंग्रजीची गरज पडली नाही. बाहेर पडताना सर सहज म्हणाले, "जेम्स बाँडचा संगीतकार तो हाच, जॉन बॅरी." माझा विश्वासच बसेना. बाँडचे संगीत म्हणजे पितळी वाद्यांचा दणका आणि पाठलाग. आणि हे तर संथ, ओल्या मातीतून चालल्यासारखे! त्या दिवसापासून मी बॅरीच्या मागे लागले आणि एका प्रश्नापाशी येऊन अडले. ज्या मालिकेने त्याला जगभर नाव दिले, ती त्याने १९८७ नंतर का सोडली?

बॅरीचा जन्म १९३३ चा, इंग्लंडमधील यॉर्कचा. वडिलांची चित्रपटगृहे होती, त्यामुळे पडदा आणि वाद्यमेळ यांची ओळख लहानपणीच झाली. ट्रंपेट शिकला, सैन्याच्या बँडमध्ये वाजवू लागला. १९६२ च्या 'डॉ. नो' मध्ये बाँडची प्रसिद्ध धून प्रथम ऐकू आली. ती धून माँटी नॉर्मन याच्या नावावर आहे, आणि २००१ मध्ये लंडनच्या न्यायालयातही नॉर्मनचीच सरशी झाली. पण गिटार आणि पितळी वाद्ये यांच्या ज्या मांडणीत आपण ती ऐकतो, ती मांडणी बॅरीची. पुढे १९६३ पासून १९८७ पर्यंत त्याने ११ बाँडपटांना संगीत दिले. त्यांतील 'ऑक्टोपसी' चे चित्रीकरण तर आपल्या उदयपूरला झाले होते.

असा माणूस बाजूला झाला की लोक चटकन निदान करतात. पैशांवरून बिनसले असेल. डोक्यात हवा गेली असेल. नाहीतर झरा आटला असेल. मला ही तिन्ही निदाने घाईची वाटतात.

चित्रपटमालिका संगीतकाराकडून काय मागते ते पाहा. चित्रपट जवळजवळ पुरा झाला की त्याला बोलावतात. प्रसंगांची मिनिटे-सेकंद ठरलेली असतात. त्यात मालिका असली तर सुरांची जागाही ठरलेली. आरंभी पिस्तुलाच्या नळीतून बाँड दिसला की तीच धून, मग शीर्षकगीत, मग पाठलाग, शेवटी स्फोट. प्रेक्षक ओळखीचे ऐकायला आलेला असतो. नवे दिले तर रुसतो, तेच दिले तर 'तोचतोपणा' म्हणतो. पहिल्या चार-पाच चित्रपटांत ही चौकट बॅरीने स्वतःच उभी केली. पुढे त्याच चौकटीत त्याला राहावे लागले.

दरम्यान माणूस बदलत होता. १९६४ चे 'गोल्डफिंगर' ऐकावे आणि लगेच १९७९ चे 'मूनरेकर' ऐकावे. नायक तोच, पण संगीताची चाल मंदावली आहे, तंतुवाद्ये लांब श्वास घेऊ लागली आहेत. १९८० च्या 'समव्हेअर इन टाइम' मध्ये ती संथ चाल पुरती त्याची झाली. बाँडला मात्र वेग हवा होता आणि शीर्षकगीताला त्या त्या वर्षीचा लोकप्रिय चमू हवा होता. १९८७ च्या 'द लिव्हिंग डेलाइट्स' च्या वेळी 'अ-हा' या चमूशी त्याचे पटले नाही, हे सर्वश्रुत आहे. त्याच चित्रपटात वाद्यवृंदाचे संचालन करताना तो क्षणभर पडद्यावर दिसतो. तो त्याचा शेवटचा बाँडपट ठरला.

प्रत्येक कारण उदात्तच असते असे नाही, हेही कबूल करते. १९८८ मध्ये त्याची अन्ननलिका फाटली आणि दोनेक वर्षे कामच थांबले. पण बरा झाल्यावर तो बाँडकडे वळला नाही. १९९० चे 'डान्सेस विथ वुल्व्ज्' त्याने केले. झरा आटलेल्या माणसाचे ते काम नव्हे. त्यावर त्याला ऑस्कर मिळाले. एकूण ५ ऑस्कर त्याच्या नावावर आहेत. बाँडपटासाठी त्यांतील एकही नाही! आणि आकस म्हणावा, तर पुढे डेव्हिड अर्नोल्ड या तरुण संगीतकाराची शिफारस त्यानेच बाँडच्या निर्मात्यांकडे केली. अर्नोल्डने १९९७ पासून ५ बाँडपट केले.

हे सारे मी एवढ्या तळमळीने का लिहिते? आमचे अण्णा २२ वर्षे लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिओनेट वाजवीत होते. मी बारावीत असताना, लगीनसराई संपल्यावर, त्यांनी वाद्य पेटीत घातले आणि पिठाच्या गिरणीत काम धरले. सुपारी येत होती, मान होता. गल्ली म्हणाली, माज आला. आजी म्हणाली, पोरीच्या फीचे काय? खरे सांगते, मीही चार दिवस त्यांच्याशी बोलले नाही. पाचव्या दिवशी तेच म्हणाले, "पोरी, वरातीत नागिणीची धून धरली की बोटं आपली आपली वाजवत्यात. मी नसतोच तिथं."

बॅरीला सोडून जाण्यासाठी दुसरे चित्रपट होते; अण्णांना गिरणी होती. हा फरक मी विसरत नाही. थांबण्याची किंमत सर्वांना सारखी पडत नाही, आणि घर चालवायचे असताना प्रत्येकाने थांबावे असे मी म्हणणार नाही. माझे म्हणणे एवढेच, की थांबणाऱ्याला गर्विष्ठ वा कृतघ्न ठरविण्यापूर्वी तो कशापासून दूर झाला हे विचारावे. मालिकेने बॅरीला नाव दिले हे खरे; पण ११ चित्रपटांत त्याने ते फेडले, आणि त्याने घडविलेला तो बाज मालिकेपाशीच राहिला. आपल्यापैकी पुष्कळजण घरातले पहिलेच कॉलेजात आलेले. नोकरी धर आणि सोडू नकोस, हेच आपण ऐकत आलो. त्या सांगण्यामागची भूक खोटी नाही. पण बोटे वाजवतात आणि आपण तेथे नसतो, अशी वेळ आपल्यावरही येईल. तेव्हा काय करायचे, याचा विचार आजच सुरू केलेला बरा.

'आउट ऑफ आफ्रिका' मध्ये मोझार्टची क्लॅरिओनेटसाठी लिहिलेली एक रचनाही आहे. ती आणि बॅरीचे संगीत मी अण्णांना मोबाइलवर ऐकविले. मोझार्ट ऐकताना त्यांची बोटे मांडीवर हलत होती. बॅरी ऐकून मात्र ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "ह्या माणसाला कसली घाई नाही बघ." मग कपड्यांवरचे पीठ झटकून ते हात धुवायला उठले.