माशी, नेम आणि साइटवरचे आकडे

गेल्या रविवारी राजगडावर गेलो होतो. गुंजवण्यातून वर, पद्मावती माचीवर पिठलं-भाकरी, मग संजीवनी माची. नेहमीचाच कार्यक्रम. टोकाला बसल्यावर मित्राशी पैज लागली, की खालच्या सोंडेवर दिसणारं ते एकटं झाड किती लांब असेल? तो म्हणाला तीनशे मीटर. मी एनसीसी केलेला माणूस, त्यामुळे जरा ऐटीत म्हणालो, चारशे. मोबाइलवर नकाशा उघडून मोजलं तर साडेसहाशे निघालं! चहाचे पैसे कोणी द्यायचे यावर मग वेगळाच वाद झाला. असो.

तेव्हापासून डोक्यात थ्री-नॉट-थ्री घोळतेय. कॉलेजात परेडला ही जुनी रायफल हातात यायची. तिच्या मागच्या साइटवर एक सरकती पट्टी असते आणि त्या पट्टीवर 200 पासून 2000 यार्डांपर्यंत आकडे कोरलेले असतात. शत्रू जितका लांब, त्या आकड्यावर पट्टी सरकवायची, पुढची माशी लक्ष्याखाली धरायची आणि घोडा दाबायचा. पहिल्यांदा ते आकडे पाहिले तेव्हा वाटलं होतं, वा, हे तर रेडीमेड उत्तर आहे!

पण ते उत्तर नाहीच, ते नुसतं गृहीतक आहे. इशापूरच्या कारखान्यात याच जातीची रायफल पुढे 7.62 मिमीच्या काडतुसासाठी बनली, आणि नंतर पट्टीवरचे आकडेही बदलले. 2ए1 नावाच्या मॉडेलवर ते 800 मीटरला संपतात. म्हणजे आकडा ठराविक काडतुसाचा असतो, आणि कारखान्यात काढलेल्या सरासरीचा. तुमच्या हातातल्या नेमक्या त्या रायफलीचा नसतो, तुमच्या खांद्याचा तर नाहीच नाही.

आता थोडं गणित (इंजिनिअर आहे, सवय जात नाही). 7.62 ची गोळी 300 मीटरवर जाईपर्यंत नळीच्या रेषेपासून साधारण पाऊण मीटर खाली येते. 600 मीटरवर ती घसरण चार मीटरच्या घरात जाते. अंतर दुप्पट, घसरण पाचपटीहून जास्त. त्यामुळे लांबच्या लक्ष्यावर शंभर मीटरची चूक फार महागात पडते. जवळही ती स्वस्त नाहीच. लक्ष्य 400 वर असताना पट्टी 300 वर ठेवली तर गोळी जवळजवळ अर्धा मीटर खाली लागते. छातीवर धरलेला नेम मांडीवर जातो.

आणि हे अंतर ठरवतो कोण? तर आपला डोळा! एनसीसीत ‘जजिंग डिस्टन्स’ शिकवताना उस्ताद सांगायचे, की मध्ये दरी असली, ऊन पाठीमागून येत असलं, की वस्तू आहे त्यापेक्षा जवळ दिसते. वर्गात हे पाठ केलं, परीक्षेत लिहिलं, मार्कही मिळाले. आणि संजीवनीवर, मध्ये दरी आणि पाठीवर ऊन असताना, अडीचशे मीटरनी फसलो.

डोंगरात अजून एक गंमत आहे. तीस अंशाच्या उतारावर तुमच्यापासून 400 मीटर तिरकं अंतर असेल, तर आडवं अंतर भरतं 346 मीटर. गोळीची घसरण मोजायची ती या आडव्या अंतरावर. म्हणून उतारावर मारा किंवा चढावर, पट्टी 400 वर असेल तर गोळी नेमाच्या वरून जाते. म्हणजे डोळा फसला तर गोळी खाली, उतार विसरला तर गोळी वर. दोन बग एकमेकांना कापतील या भरवशावर सॉफ्टवेअर कोणी रिलीज करू नये. (करतात, पण तो विषय वेगळा :))

माचीच्या तटातल्या जंग्या पाहिल्यात का कधी? बंदूक लावण्यासाठी ठेवलेली ती भोकं. आतून डोळा लावा, समोरचा एक ठराविक पट्टाच दिसतो. तोड्याच्या बंदुकीवर अंतराचे आकडे नव्हते, पण ती जंगी त्याच जागेसाठी, त्याच उतारासाठी पाडलेली. रोज तिथे उभं राहणाऱ्या गड्याला आपला पट्टा तोंडपाठ असणार. मला हे रायफलीवरच्या दोन हजार यार्डांपेक्षा जास्त प्रामाणिक वाटतं.

हे सगळं सांगण्यामागे कारण आहे. 26 नोव्हेंबर 2008 ला सीएसटी स्टेशनवर पोलिसांच्या हातात जुन्या रायफली होत्या. त्यानंतर चर्चा झाली ती बहुतेक रायफलींच्या वयाची. पण राम प्रधान समितीच्या अहवालात काडतुसांचा तुटवडा आणि त्यामुळे रखडलेला गोळीबाराचा सराव, हाही मुद्दा होता. तो कोणाच्या लक्षात आहे? नवीन हत्यार घेतलं की फोटो येतो. सरावाच्या काडतुसांचा फोटो कोण छापणार!

उलट स्वप्निल कुसाळे बघा. 1 ऑगस्ट 2024 ला पॅरिस ऑलिंपिकचं ब्राँझ मिळवलं. अंतर 50 मीटर, न बदलणारं, इंचन् इंच मोजलेलं. रायफल जगातल्या उत्तमांपैकी. तरीसुद्धा मोजणीच्या गोळ्या सुरू होण्याआधी हे नेमबाज चाचणीच्या गोळ्या झाडतात आणि साइट क्लिक-क्लिक करून जुळवतात. कालची साइट आज बरोबरच असेल, हे तेही धरून चालत नाहीत.

आम्हाला 25 यार्डांवर पॉइंट टू-टूच्या पाच गोळ्या मिळायच्या. पाचही भोकं एकत्र पण कोपऱ्यात असतील तर साइट हलवायची. भोकं विखुरलेली असतील तर साइटला हात लावायचा नाही, स्वतःला सुधारायचं. हा फरक पाच गोळ्यांत कळतो. पण त्या पाच गोळ्या झाडाव्या लागतात.

म्हणून माझं मत सरळ आहे. ज्याच्या हातात आपण बंदूक देतो, त्याला वर्षभर पुरतील इतकी सरावाची काडतुसं द्या, आणि सपाट रेंजवरच नाही, तर चढ-उतारावरही त्याला नेम धरायला लावा. नव्या रायफलीची खरेदी त्यानंतर. नाहीतर पट्टीवरचे आकडे ही नुसती नक्षी.

चहाचे पैसे शेवटी मीच दिले. दोघंही चुकलो होतो, पण ऐट माझी जास्त होती.