पडद्यावरची हजेरी

पूर्वी विलायतेला बॅरिस्टर व्हायला जाणाऱ्या मुलाची हजेरी जेवणाच्या टेबलावर लागत असे. ही थट्टा नव्हे. लंडनच्या 'इन'मध्ये बारा टर्म्स भराव्या लागत, आणि टर्म भरली असे केव्हा मानायचे, तर तीत ठराविक जेवणांना तो गृहस्थ पंगतीला हजर राहिला तर. गांधीजी १८८८ ते १८९१ ह्या काळात तिथे होते. ह्या जेवणांची हकीकत त्यांनी आत्मकथेत सांगितली आहे. बिचारे शाकाहारी, मद्याला न शिवणारे. पण टेबलावर बसणे भाग होते. खोलीत बसून तुम्ही रोमन कायदा तोंडपाठ केलात तरी जेवणे चुकली की टर्म बुडाली. डोक्यात काय शिरले ते परीक्षक पाहतील. आमच्या उंबरठ्याच्या आत किती दिवस होतात तेवढे आधी सांगा, असा तो हिशेब होता.

हा हिशेब अजून संपलेला नाही. फक्त आता तो वकिलांच्या पंगतीत न होता सरकारी कचेरीत होतो. आणि आमच्या मध्यमवर्गीय घरांतून ज्या देशाचे नाव आजकाल उठता-बसता निघते, त्या कॅनडात तर फार काटेकोरपणे होतो.

मराठीच्या मास्तराने कॅनडाच्या कायद्यात नाक कां खुपसावे, असे कोणी विचारील. त्याला कारण शिफारसपत्रे. ज्या मुलाला तीन वर्षांत मी मागल्या बाकावरून कधी पुढे आलेला पाहिला नाही, तो एके दिवशी "सर, दोन ओळी लिहून द्या" म्हणून येतो, आणि त्याच्या अंगच्या नेतृत्वगुणांविषयी मला इंग्रजीत दोन ओळी लिहाव्या लागतात. असो. मुलापाठोपाठ आईवडील येतात, आणि त्यांचा एक प्रश्न आता मला पाठ झाला आहे. "पहिली टर्म ऑनलाइन इथूनच केली तर? चार महिन्यांचं तिथलं भाडं वाचेल." प्रश्न संसारी माणसाचा आहे; त्यात वेडेपणा मुळीच नाही. पण ती काटकसर पुढे महागात पडण्याचा संभव मोठा आहे.

तिथे कागद तीन. पहिला, शिकण्याचा परवाना. दुसरा, शिक्षण संपल्यावर काही काळ नोकरी करण्याचा परवाना; हा आयुष्यात एकदाच मिळतो. तिसरा कागद म्हणजे कायम वास्तव्याची परवानगी, जिला आपल्याकडे सगळे 'पीआर' म्हणतात आणि मुलाच्या मुंजीपासून जिची स्वप्ने पाहतात. हे तीन कागद तीन निरनिराळ्या नियमांनी मिळतात. एक हाती आला म्हणजे पुढचा आपोआप आला, असे नाही. कॉलेजचे प्रवेशपत्र तर ह्या तिन्हींच्या आधीचे, आणि त्यात पुढच्या दोन कागदांविषयी चकार शब्द नसतो.

ऑनलाइनचा घोटाळा होतो तो दुसऱ्या कागदापाशी. नियम असा आहे की अभ्यासक्रमाचे निदान निम्मे क्रेडिट्स प्रत्यक्ष कॅनडात वर्गात बसून पुरे केले पाहिजेत. शिवाय १ सप्टेंबर २०२३ पासून कॅनडाबाहेर राहून जेवढा काळ शिकलात, तेवढा काळ नोकरीच्या परवान्यातून वजा होतो. आता वरची काटकसर मांडून पाहू. बारा महिन्यांचा डिप्लोमा आहे. दोन वर्षांहून कमी मुदतीचा डिप्लोमा असेल तर परवाना साधारण अभ्यासक्रमाच्या मुदतीइतकाच मिळतो, म्हणजे बारा महिने. चिरंजीव पहिले चार महिने पुण्यातच राहिले, आईच्या हातचे जेवले, लॅपटॉपवर शिकले. परवाना उरला आठ महिन्यांचा. आणि तिसऱ्या कागदाच्या ज्या वाटेने तिथे शिकलेली पुष्कळ मुले जातात, त्या वाटेवर कॅनडात केलेल्या कुशल नोकरीचा अनुभव मागतात एक वर्षाचा! पूर्ण वेळ शिकत असताना केलेली नोकरी ह्या वर्षात धरीत नाहीत. कॉफीच्या दुकानात रात्री-अपरात्री पेले विसळले ते खोलीच्या भाड्यापुरते. ह्या हिशेबात त्यांची किंमत शून्य. आठ महिन्यांत बारा महिन्यांचा अनुभव कसा बसवायचा, हे गणित मग घरोघर मांडले जाते. भाडे वाचलेले असते.

मग एवढी शहाणीसुरती माणसे फसतात कशी? एक उदाहरण सांगतो. आमच्या शेजारच्या काकूंची मुलगी २०२१ च्या मे महिन्यात टोरांटोच्या एका कॉलेजात दाखल झाली. म्हणजे ठाण्यातल्या आपल्या स्वयंपाकघरात दाखल झाली, कारण रेंज तिथेच बरी. करोनामुळे त्या वर्षी २२ एप्रिलपासून भारतातून कॅनडाला जाणारी थेट प्रवासी विमाने बंद होती. ती २७ सप्टेंबरला सुरू झाली. तिकडे संध्याकाळी सहाचा तास म्हणजे इकडे पहाटेचे साडेतीन. नोव्हेंबरात तिकडची घड्याळे तासभर मागे गेली आणि इकडे साडेचार झाले. काकू दूध तापवायला उठत तेव्हा मुलगी ओट्याशी बसून हिशेबशास्त्राचे टिपण घेत असे. त्या काळात कॅनडा सरकारने मोठी सवलत दिली होती. ज्यांचा अभ्यासक्रम ३१ ऑगस्ट २०२२ पर्यंत सुरू झाला, त्यांचे घरून केलेले शिक्षणही ३१ ऑगस्ट २०२३ पर्यंत नोकरीच्या परवान्यासाठी धरले जाईल, अशी ती सवलत. पोरीच्या त्या पहाटा वाया गेल्या नाहीत. ती पुढच्या जानेवारीत गेली, शिकली, नोकरीला लागली.

आता तिचा मामेभाऊ निघाला आहे. आणि मामी म्हणतात, "ताईनं घरूनच केलं की! तिला चाललं, मग ह्याला कां नाही?" आपल्या कुटुंबांत थोरल्याचा अनुभव हाच धाकट्याचा कायदा असतो. थोरल्याची पुस्तके, थोरल्याचा सदरा, थोरल्याचा एजंट. पण ती सवलत म्हणजे पुराच्या वेळी शाळेत उघडलेली छावणी होती; पूर ओसरला, छावणी उठली, शाळेत पुन्हा घंटा वाजू लागली. ताईच्या वाटेची तारीख संपली आहे, हे मामींना पटवताना माझे दोन कप चहा गार झाले.

नुसती ही सवलतच गेली असती तरी एक वेळ चालले असते. पण तिकडे घरे महाग झाली, आणि परदेशी विद्यार्थी फार झाले असे म्हणत सरकारने दारेच अरुंद केली. २०२४ च्या जानेवारीत नव्या परवान्यांवर मर्यादा आली: त्या वर्षासाठी सुमारे ३,६०,००० मंजुऱ्या, म्हणजे २०२३ पेक्षा ३५ टक्के कमी. राहण्या-जेवण्यासाठी दाखवायची रक्कम वर्षानुवर्षे १०,००० डॉलर होती; ती २०२४ च्या आरंभी २०,६३५ झाली आणि १ सप्टेंबर २०२५ पासून एकट्या विद्यार्थ्याला २२,८९५. आपल्या पैशांत हे चौदा-पंधरा लाख होतात, आणि ह्यात फी नाही की विमानाचे तिकीट नाही. १ नोव्हेंबर २०२४ पासून नोकरीच्या परवान्याला भाषेची परीक्षा लागू झाली. आणि डिप्लोमावाल्यांना विषयाचीही अट आली. सरकारी यादीतल्या शाखा असतील तरच परवाना. पदवीला ती अट नाही. ती यादी २०२५ मध्ये बदललीही. त्याच सुमारास कायम वास्तव्याच्या मर्यादाही खाली आल्या: २०२५ साठी आधी ठरलेला आकडा ५,००,००० होता, तो ३,९५,००० करण्यात आला.

हे ऐकून कोणी म्हणेल, मग जाऊच नये की काय? मी तसे म्हणत नाही. इथल्या नोकरीच्या रांगा मी रोज पाहतो, आणि बावीस वर्षांच्या मुलीला जग पाहावेसे वाटते ह्यात गैर काय? राग येतो तो दुसऱ्याच गोष्टीचा. शिकायचे काय, हे कोणी विचारीतच नाही. "कोणता कोर्स घेतलास?" असे मी एका विद्यार्थ्याला विचारले. "सर, ज्याला पीआर लवकर मिळते तो." त्याला संशोधनाची आवड होती, आणि त्याने घेतले गोदामांचे व्यवस्थापन. वर्षभराने यादी बदलली तर गोदामही गेले आणि संशोधनही. दुसरी गोष्ट वयाची. कायम वास्तव्यासाठी तिथे गुण मोजतात, आणि वयाचे सर्वांत जास्त गुण विसाव्या ते एकोणतिसाव्या वर्षापर्यंत. तिशी आली की ते उतरू लागतात. बापाच्या भविष्यनिर्वाह निधीतून काढलेले पैसे कसेबसे फिटतील, पण चुकलेल्या डिप्लोमात गेलेली दोन वर्षे कोणत्या बँकेकडून परत आणणार? सध्या फ्रेंच येणाऱ्यांना तिथे वेगळ्या निवडीत चांगली संधी आहे, म्हणून आमची एक बी.ए.ची विद्यार्थिनी क्रियापदे घोकते आहे. तिला फ्रेंच आवडू लागली आहे, हा माझ्या लेखी मोठाच लाभ. परवान्याचे काय होईल ते होवो.

ज्यांच्या घरी हा विषय निघाला असेल, त्यांनी फी भरण्यापूर्वी कॉलेजला लेखी विचारावे: ह्या अभ्यासक्रमानंतर नोकरीचा परवाना मिळू शकतो काय? (परदेशी मुले घेण्याची मान्यता असलेल्या सगळ्याच संस्थांना तो लागू नाही, हे पुष्कळांना माहीत नसते.) किती तास वर्गात, किती पडद्यावर? आणि पहिल्या दिवशी मुलाने कुठे असायला हवे? निकाल लागला म्हणजे परवान्याचा अर्ज १८० दिवसांत करावा लागतो, ही तारीखही कालनिर्णयावर लिहून ठेवावी.

राहता राहिला एजंट. पैसे घेऊन कॅनडाच्या वास्तव्याविषयी सल्ला देण्याचा अधिकार तिथल्या कायद्याने मुख्यतः वकिलांना, क्वीबेकच्या नोटरींना आणि नोंदणी झालेल्या सल्लागारांना आहे. सल्लागारांची नावे त्यांच्या नियामक संस्थेच्या यादीत कोणालाही पाहता येतात. २०२३ मध्ये बनावट प्रवेशपत्रांवर गेलेल्या भारतीय मुलांची प्रकरणे उघडकीस आली, तेव्हा त्यांतल्या कित्येकांना आपले पत्र खोटे असल्याचे तिथे गेल्यावर काही वर्षांनी कळले. त्या वर्षीच्या १ डिसेंबरपासून प्रत्येक पत्र कॉलेजकडून पडताळून घेतले जाऊ लागले. तेव्हा कोणी एजंट दिवाळीच्या निमित्ताने 'खास सवलत' घेऊन दारी आला, तर आधी त्याचे नाव त्या यादीत पाहावे. सापडले नाही तर फराळाची बशी जरूर पुढे करावी. चेकबुक कपाटातच राहू द्यावे.