जांभा आणि चुना

आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. वडील चिरेखाणीवर काम करतात. त्यामुळे सहलीत जुन्या गोव्यातील सेंट ऑगस्टीन चर्चचा ४६ मीटरांचा पडका मनोरा पाहताना सगळ्यांच्या माना वर गेल्या, मी मात्र चिरेच बघत राहिलो. तोच आमचा तांबडा जांभा!

१६०२ साली पूर्ण झालेले हे चर्च. १८३५ मध्ये पोर्तुगीज सरकारने धर्मसंघ बंद केले, साधू गेले. १८४२ मध्ये कमानदार छत कोसळले, १९३१ मध्ये दर्शनी भाग. दोनशे चाळीस वर्षे टिकलेले छत ओस पडल्यावर सात वर्षांत खाली! आपण याला 'काळाचा घाला' म्हणून मोकळे होतो. मला ते पटत नाही. जांभा सच्छिद्र दगड. चुन्याचा गिलावा गेला की पाऊस पितो. काळाने नव्हे, थांबलेल्या हातांनी ते पाडले.

येथे सापडलेले जॉर्जियाच्या केतेवान राणीचे अवशेष २०२१ मध्ये सन्मानाने तिच्या देशाला दिले गेले. योग्यच झाले. पण गवंड्यांविषयी मित्रहो, आपल्यापैकी कोणीच चकार शब्द विचारला नाही; मीसुद्धा.

घरी सगळे सांगितले. वडील एवढेच म्हणाले, "गळायला लागलं तेव्हा वर चढायला कोणी नव्हतं?"